मुलांच्या गोष्टींची नाणी मुलांच्या हातात पडू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बालसाहित्यावरच्या स्मृतिनाण्यांचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती, त्याबद्दल आभार. पण सबंध लेखात चांदी किती, रंगीत प्रती किती, पुढे भाव कुठवर जाईल आणि लिलावात काय मिळेल, एवढंच. ज्या मुलांसाठी या गोष्टी लिहिल्या गेल्या, त्यांच्या हाती यातलं एक तरी नाणं पडणार का, याबद्दल एक ओळ नाही. मुलांची गोष्ट आणि सल्ला गुंतवणुकीचा! रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ब्रिटनचं उदाहरण दिलंत तर पुरतं द्यायचं होतं. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांच्या जन्माला १५० वर्षं झाली म्हणून २०१६ साली त्यांचा ससा पीटर रॅबिट आणि त्याच्या गोष्टींतले सोबती ५० पेन्सच्या नाण्यावर आले. रोजच्या व्यवहारातलं, सात बाजूंचं साधं नाणं. एकट्या पीटरची ९० लाखांहून जास्त नाणी चलनात सोडली गेली. बसचं तिकीट काढताना, दूध आणताना सुट्या पैशांत ससा हाती यायचा. त्यासाठी जास्तीचा एक पेनीही मोजावा लागत नव्हता. २०२० मध्ये विनी द पू या गोष्टीतल्या अस्वलाची नाणी निघाली ती मात्र फक्त संग्राहकांसाठी, पाकिटात बंद आणि नाण्यावर लिहिलेल्या किमतीच्या कितीतरी पट महाग. तुमच्या लेखात कौतुक सगळं या दुसऱ्या प्रकाराचं आहे.

पॉटरबाईंचं पीटरवरचं पहिलं पुस्तक प्रकाशकांनी परत पाठवलं, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी पदरच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढं असावं आणि किंमत त्यांना झेपेल अशी असावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच सशाची चांदीची, रंग भरलेली आवृत्ती तुमच्या लेखकांना जास्त मोलाची वाटते, याचं मला वाईट वाटलं.

आपल्याकडे हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात ५ आणि १० पैशांची नाणी निघाली होती, हलकी, अ‍ॅल्युमिनियमची. २०११ मध्ये रवींद्रनाथांच्या १५० व्या जयंतीचं १५० रुपयांचं नाणं संग्राहकांसाठी होतं, पण जोडीला ५ रुपयांचंही काढलं आणि ते बाजारात फिरलं. तोच प्रघात ठेवायचा. नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं २०२३ मध्ये आलं, ४४ मिलिमीटर व्यासाचं, निम्मी चांदी असलेलं. ते टांकसाळीकडून विकत घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं. राष्ट्रीय प्रसंगाला ते शोभतं, माझी तक्रार नाही. माकड-मगरीच्या गोष्टीला ते शोभणार नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. नातीला नाण्यांची आवड लागावी म्हणून एक स्मृतिनाणं मागवलं. पैसे आधी भरले, नाणं यायला महिने लागले. आलं ते निळ्या डबीत, वर पारदर्शक कवच. पोरीने पहिलं काय केलं असेल तर नखाने ते कवच उचकटायला लागली. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं की बोट लावू नये, डाग पडतो. तिने मला विचारलं, "आजी, मग हे पैसे आहेत ना?" मी हो म्हटलं, पण त्याचं काहीच घेता येत नाही हे तिला पटवता येईना. दोन दिवस तिने डबी उघडून पाहिली, मग विसरली. डबी आता माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

पुढचा प्रकार आणखी चीड आणणारा. तिच्याच हातात दहाचं नाणं देऊन खोडरबर आणायला पाठवलं, तर दुकानदाराने "हे चालत नाही, नोट आण" म्हणून परत धाडलं. दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ वेगवेगळे नमुने सगळे कायदेशीर चलन आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. तरी अजून हे ऐकावं लागतं! नाण्यावरचं चित्र वेगळं दिसलं की ते खोटं ठरवायचं, ही सवय मोडली नाही तर उद्या कितीही सुंदर नाणं चलनात आणा, दुकानदार ते नाकारणारच. तुमच्या लेखाला जागा होती, मग या सूचनेची एक चौकट तिथे का देता आली नाही?

नाण्यावर काय असावं हे केंद्र सरकार ठरवतं, रिझर्व्ह बँक ते फक्त चलनात आणते. म्हणून माझी मागणी सरकारकडे आहे. पाच आणि दहा रुपयांच्या साध्या नाण्यांवर दरवर्षी एक गोष्ट आणा. पंचतंत्र आणि आपल्या लोककथा कोणाच्या मालकीच्या नाहीत, परवानगीचा प्रश्न नाही. बडबड आवरली नाही म्हणून आकाशातून पडलेलं कासव, विहिरीत स्वतःलाच पाहून उडी घेणारा सिंह, दार न उघडणारी चिऊ आणि भिजलेला काऊ, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी. वर्गात मी यातली कुठलीही गोष्ट अर्धी सांगून थांबले, तर मुलं डबा खायला उठत नसत. अशोकस्तंभ एका बाजूला राहीलच, दुसऱ्या बाजूला ही म्हातारी बसायला काय हरकत आहे?

जाता जाता, बालसाहित्याचा एवढा कळवळा असेल तर आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान कुठे गेलं, तेही कळवावं. गेल्या दिवाळीनंतर ते दिसलेलं नाही आणि त्या जागी मोबाइलच्या जाहिराती येतात. मी त्याबद्दल आधीही पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. हे छापलंत तर कृपया शेवटचा परिच्छेद कापू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका