तुमचा फोन वाजू दे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले, मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, आणि मला ते चार दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. फोनवर मी आईवर चिडले, त्याबद्दल आधी माफी मागते. पण आई, "तुझा अभ्यास मोडायला नको म्हणून नाही सांगितलं" असं तू म्हणालीस ना, ते काही केल्या मनातून जात नाही. रात्री धड झोपही लागली नाही.

असं तुला वाटावं, याला कारण मीच आहे. गेले सहा महिने तुमचा फोन आला की मी कुजबुजत "लायब्ररीत आहे, नंतर करते" म्हणायचे, आणि तो नंतरचा फोन राहून जायचा. मी कुठे बसते, कसा अभ्यास करते, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आज सगळं सांगते.

इथे आले तेव्हा वाटलं होतं, विद्यापीठाचं शहर आहे, शांत जागांना काय तोटा! पण जिथे हजारो मुलं शिकतात तिथे हजारो मुलं शांत जागाही शोधत असतात. खोलीवर बसावं तर भिंत पातळ. पलीकडच्या टीव्हीवरचं शब्द न् शब्द बोलणं ऐकू येतं. गंमत अशी, की खाली दिवसभर रहदारी वाहते, तिचा मला फारसा त्रास होत नाही. पंख्याच्या घरघरीचा तर अजिबात नाही. माणसाचं बोलणं कानावर आलं, की मात्र वाचलेली ओळ निसटते. आधी वाटलं, वय झालं, एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर वाचायची सवयच मोडली. मग कळलं, हे सगळ्यांचंच होतं. १९७६ साली कॉले आणि वेल्श या दोन संशोधकांनी माणसांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला आणि त्याच वेळी त्यांच्या कानांवर परक्या भाषेतलं वाचन घातलं. त्यातलं काही कळत नसतानाही त्यांच्या चुका वाढल्या. हे वाचल्यावर मी स्वतःला दोष देणं थांबवलं आणि जागा शोधायला लागले.

मुख्य ग्रंथालयाचा मोठा वाचनकक्ष पाहिला. सकाळी आठला दार उघडतं आणि सव्वाआठपर्यंत टेबलांवर बॅगा, बाटल्या, ओढण्या पडलेल्या असतात. माणसं दहानंतर उगवतात. एकदा तासभर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवर बसले, तर एका मुलीने येऊन मला उठवलं. तिचंही चुकलं असं म्हणवत नाही, परीक्षा तोंडावर होती. पण नुसती वही ठेवून कुणी दिवसभर जागा अडवून ठेवावी, हे मला पटत नाही. ग्रंथालयाने त्यावर काहीतरी नियम करायला हवा.

तिथे मोबाइलवर आवाज मोजून पाहिला. हे मोजमाप अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. जिन्याजवळ आकडा पन्नाशीच्या वर. साधं समोरासमोरचं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज पस्तिसाच्या वर नसावा असं १९९९ साली सांगितलंय. बाबा, तुम्ही दरवर्षी भांडून रस्त्याच्या उलट्या बाजूची खोली दहावीच्या वर्गासाठी मागून घ्यायचात, ते आठवलं. तुमचं किती बरोबर होतं बघा. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अगदी कडेने उंचावरून रेल्वे जायची. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात पलीकडच्या बाजूच्या मुलांच्या मागे पडली होती. शाळा तीच, फरक फक्त बाजूचा. पुढे रुळांखाली रबराच्या पट्ट्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि तो फरक उरला नाही.

मग मी भटकले. विभागातल्या रिकाम्या वर्गखोल्या संध्याकाळी पाचनंतर छान असतात, पण कुलूप कधी लागेल याचा नेम नसतो. बागेत बसून पाहिलं. बाबा, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावांना केळुसकर गुरुजी भेटले, ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली आहे. आणि ते पहाटे दोनला उठून वाचायचे, कारण चाळीतल्या एका खोलीत तेवढ्याच वेळी निवांतपणा मिळायचा, हेही. त्या गोष्टीतून मी एक घेतलं: जागा मिळत नसेल तर वेळ शोधायची. आता सकाळी सहा ते आठ मी खोलीवरच लिहिते. पलीकडचा टीव्ही तेव्हा झोपलेला असतो.

आणि शेवटी जागाही सापडली. ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. आता सगळं संगणकावर मिळतं, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. लोखंडी मांडण्यांच्या मध्ये, अगदी टोकाला एक टेबल आहे. चारी बाजूंनी कागदच कागद, त्यामुळे आवाज जणू मुरून जातो. वरचा दिवा काही वेळ हालचाल झाली नाही की आपोआप विझतो. मग मी हात वर करून हलवते आणि तो पुन्हा लागतो. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. पावणेआठला ग्रंथालयाचे शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत येतात आणि जिन्यातूनच विचारतात, "ताई, आहात का?" गेल्या दोन महिन्यांत तिथे माझी दोन प्रकरणं लिहून झाली.

पण आई, तिथे बसूनही एक गोष्ट मला छळायची. फोन बंद ठेवला तर घरून काही निरोप आला असेल का, अशी धाकधूक. चालू ठेवला तर दिवसभर कुणाचे ना कुणाचे संदेश. आणि तुम्ही काही लपवता हे कळल्यापासून तर तळघरातल्या त्या शांततेतही मला काही वाचवत नाही. परवा एकच पान चार वेळा वाचलं.

१९७० च्या सुमारास ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना मध्येच, केव्हाही होणारा मोठा आवाज ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं, अगदीच असह्य झालं तर दाबा म्हणून. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात ही माणसं बटण नसलेल्यांपेक्षा चिकाटीने टिकली, त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज दोघांनाही सारखाच होता. बटण हाताशी आहे, एवढं ठाऊक असणं त्यांना पुरलं.

मला तुमच्याकडून तेवढंच हवंय. फोनमध्ये मी एक सोय करून ठेवली आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी आठ सगळ्यांचे फोन मुके राहतात, फक्त तुम्हा दोघांचे वाजतात. तळघरात रेंज येते, चारही कोपऱ्यांत फिरून तपासलं आहे. मामांनाही सांगून ठेवलंय, घरचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलेन. ते म्हणाले, "खुशाल बोला, तुमच्याशिवाय आहे कोण इथे?"

तेव्हा आई, पडणं, चक्कर, ताप, दवाखाना, यांतलं काहीही असेल तर त्याच क्षणी फोन करायचा. बाबांनी "तिला कळवू नको" म्हटलं तरी करायचा. बाबा, तुम्ही तसं म्हणू नका. तुमचा फोन वाजला नाही म्हणजे घरी सगळं ठीक आहे, हे मला खात्रीने धरता आलं पाहिजे. त्या भरवशावर मी दहा तास बसू शकते. रोजचा गप्पांचा फोन मी रात्री साडेआठला करीन, तो आता चुकवणार नाही.

शनिवारी येते आहे, दोन दिवस राहीन. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेऊ आणि खाली न घसरणारी जाळीची चटई टाकू. बाबांनी तोवर उजव्या हाताने बादली उचलायची नाही. प्लास्टर काढायला डॉक्टरांनी कधी बोलावलंय, ते हे पत्र मिळाल्याबरोबर फोन करून सांग. दुपारचे दोन वाजले असतील, तरी.

तुमची,
लेक