पुराची मदत बाईच्या खात्यावर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की मान्सूनपूर्व आढावा बैठकांच्या बातम्या सुरू होतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ ला धोका, हे तर कृष्णाकाठच्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले, ब्रह्मनाळला बोट उलटली आणि बोटींचा प्रश्न ऐरणीवर आला. यायलाच हवा होता. पण बोटीतून उतरून निवारा केंद्रात पोचलेल्या बाईमाणसाचे पुढे काय, यावर या बैठकांत काही ठरल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

त्या पुरात मी एका शाळेतल्या केंद्रात मदतीला होते. बाके भिंतीला लावून एकेका वर्गात चार-पाच कुटुंबे. शौचालये लहान मुलांच्या मापाची, एकाला कडी नाही, वीज गेलेली. बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. रात्री जायची वेळ आलीच तर जावेला उठवायचे, तिने मोबाईलची बॅटरी दाखवायची आणि बाहेरून दार ओढून धरायचे. कट्ट्यावर टोळके बसलेले, त्यातले दोघे-तिघे पिऊन. एक ओली बाळंतीण खिडकीच्या गजांना साडी बांधून आडोशाला बाळाला पाजत होती. मदतीच्या ट्रकांतून जुन्या साड्यांचे ढीग येत होते (काहींनी कपाटे रिकामी करून घेतली, असे म्हटले तर राग येऊ नये), पण सॅनिटरी पॅड आणि आतले कपडे मात्र मागावे लागले, तेही पुरुष कार्यकर्त्यांकडे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांत ३० माणसांमागे एक शौचालय आणि बायकामुलांसाठी वेगळी सोय लिहिलेली आहे. केंद्र म्हणून शाळा निवडताना दाराची कडी तरी कुणी पाहावी.

तरी केंद्रातले हाल आठ-दहा दिवसांचे. खरा घोळ पाणी ओसरल्यावर, पंचनाम्यात होतो. घर नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे खाते क्रमांकही त्याचाच. भांडीकुंडी, कपडेलत्ते यांसाठी मिळणारे सानुग्रह अनुदान ज्या बाईने चूल पुन्हा मांडायची तिच्या हाती पडतेच असे नाही. त्यातले किती घरात येते आणि किती गुत्त्यावर जाते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पैसे मागितले म्हणून मार खाल्लेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एक परित्यक्ता माहेरच्या परड्यात पत्र्याच्या खोलीत वेगळी राहत होती. तिचे शिलाई मशीन गाळात गेले, दोन शेळ्या वाहून गेल्या. पंचनामा झाला भावाच्या नावाने. ती शिवणकामावर पोट भरत होती, हे कोणत्याच कागदावर आले नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ सांगते की मदत देताना लिंगावरून भेदभाव चालणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख ठरवली आहे. म्हणजे तांदूळ-गहू घेताना ती प्रमुख आणि पुराची मदत वाटताना नवरा प्रमुख! पूर्वी बायकांची खातीच नाहीत, अशी सबब होती. ‘लाडकी बहीण’ योजनेने २०२४ मध्ये तीही उरली नाही. गावोगावच्या बायकांची आधार जोडलेली खाती सरकारकडे आहेत आणि त्या योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता सगळ्या धरल्या आहेत. दीड हजार रुपये थेट त्यांच्या खात्यावर जातात, मग पुराचे अनुदान का जाऊ नये? दोघांना विभागून द्या, हा सूर मी ऐकला आहे. शेतीच्या नुकसानीत तसे करा, पण भांड्याकुंड्यांचा पैसा बाईकडेच गेला पाहिजे.

यासाठी नवा कायदा नको. पंचनाम्याच्या फॉर्मवर घरातल्या बाईच्या खाते क्रमांकाचा एक रकाना वाढवावा, एका घरात वेगळ्या चुली असतील तर वेगळी नोंद घ्यावी आणि पंचनाम्याला आशा किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत न्यावे. कोणाची चूल वेगळी आहे, हे तिला विचारावे लागत नाही.

आपल्या प्रतिनिधीने यंदाच्या आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांना बोटींच्या आकड्याबरोबर एवढे विचारावे: पंचनाम्यात खाते क्रमांक कोणाचा घेणार? मिळालेले उत्तर जूनच्या आत छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पलूस तालुका, जि. सांगली