निधी कुणाचा ते नंतर ठरवा, आधी मोरी घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात महामार्गाच्या निधीवरून चाललेल्या भांडणाची बातमी वाचली. एक बाजू म्हणते दिल्लीने पैसे दिले, राज्याने जागा वेळेत दिली नाही. दुसरी म्हणते आमच्याच कराचा पैसा, तोही पुरता परत येत नाही. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासचे नाव दोघांच्याही तोंडी आहे. ज्यांच्या शिवारातून तो गेला त्यांच्याविषयी मात्र त्या बातमीत एक ओळ नाही, म्हणून लिहितो आहे.

राज्याची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. केंद्रीय करांची राज्यांत वाटणी वित्त आयोग ठरवतो; त्यातला कर्नाटकाचा वाटा चौदाव्या आयोगाच्या वेळी 4.713 टक्के होता, पंधराव्याने तो 3.647 वर आणला. त्यासाठी 7 फेब्रुवारी 2024 ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या मंत्र्यांना घेऊन जंतरमंतरवर बसले. हक्काचे असेल तर मागावेच. पण राष्ट्रीय महामार्गाला पैसा दिल्लीचा आणि जमीन ताब्यात घेणारा अधिकारी इथल्या महसूल खात्याचा. नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रे घातली, तेव्हा दोन्ही सरकारांत काही भांडण दिसले नाही.

माझी वडगाव शिवारात एक एकर दहा गुंठे जमीन. त्यातले चौदा गुंठे रस्त्यात गेले. उरलेल्याची गत सांगतो. ही तिबार पिकाची जमीन. पावसाळ्यात बासमती, भात निघाले की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा. आमच्या आजोबांच्या काळापासून पावसाचे पाणी शेताच्या उतारावरून बळ्ळारी नाल्याकडे जायचे. आता मध्ये रस्त्याचा भराव उभा आहे आणि माझ्या बाजूला त्याखाली पाणी जायला मोरी नाही. मागच्या पावसाळ्यात पेरलेले भात वीतभर वर आले होते. जुलैत पाणी तुंबले ते अकरा दिवस हलले नाही. पीक कुजले. विकतची रोपे आणून पुन्हा लावण केली, आठ दिवसांत तीही पाण्याखाली गेली. खत, मजुरी, रोपे, सगळे घरातून घातले. पिवळी पडलेली रोपे हातात घेऊन माझी बायको बांधावर बसून राहिली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मोरीसाठी तीन कार्यालये फिरलो. पहिल्याने सांगितले, मूळ अंदाजपत्रकात ती नाही, वाढीव निधी वरून मंजूर व्हायला हवा. दुसऱ्याने सांगितले, रस्ता केंद्राचा आहे, आम्हाला त्यावर एक रुपया खर्च करता येत नाही. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली नाही. कोट्यवधींच्या रस्त्यात चार सिमेंटच्या नळ्यांचा पैसा कुणाच्याच खात्यात बसत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा निधी कुणी आणला हे दोन्हीकडच्या नेत्यांनी मला सांगू नये. आणलेल्यातून पाण्याला वाट का ठेवली नाही ते सांगावे.

आणखी एक. भूसंपादनाच्या अधिसूचनेवर हरकत घ्यायला कायद्याने 21 दिवस असतात. आम्हाला कागद मिळाला तो फक्त कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येते, सरकारी कन्नड वाचता येत नाही. शेजारच्या मुलाला सुट्टी मिळेपर्यंत आणि त्याने वाचून दाखवेपर्यंत नऊ दिवस गेले. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिथे 15 टक्क्यांच्या वर आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे केंद्राने राज्यांना 1956 पासून सांगितले आहे. वडगाव-शहापुरात मराठी माणसे किती आहेत हे मी वेगळे सांगायला नको. ज्या कागदावर आमची जमीन जाते तो तरी आम्हाला वाचता आला पाहिजे.

आपल्या वार्ताहराने पुढच्या वेळी दोन्ही पक्षांच्या पत्रकार परिषदांना जरूर जावे, पण एकदा पावसात भरावाच्या अलीकडच्या बाजूलाही यावे. रोहिणी लागली की आमची पेरणी सुरू होते. त्याआधी मोरी पडली नाही, तर यंदा बियाणे मातीत टाकायचे की नाही, हे मला ठरवावे लागेल.

आपला,
एक शेतकरी, वडगाव, बेळगाव