गॅस भरायच्या आधी

लष्कर, ग्वाल्हेर
19 जानेवारी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय. उजव्या हाताची बोटं सोललीयत. डॅशबोर्डच्या पोटात हात घातला की आतलं प्लास्टिक किसणीसारखं लागतं. तिथे हात का घातला ते सांगतो, कारण त्यात तुझ्याच कामाची गोष्ट आहे.

मागच्या मे महिन्यात तू फोनवर गाडीच्या एसीवरून कावला होतास. सकाळी पहिली दहा मिनिटं झकास गार, मग हवा कोमट होत जाते, आणि तीही डावीकडेच जास्त. दोनदा गॅस भरून झाला होता. मी मोठा शहाणा, म्हटलं, नागपूरच्या उन्हापुढे कुठला एसी टिकणार! ते शब्द मागे घेतो. तुझा गॅस बहुतेक ठीकच होता.

झालं असं की, लग्नाला म्हणून आम्ही दोघं पहाटे आग्र्याला निघालो. इथे सध्या सकाळी पारा चारावर. कोहरा असा, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. (तू नागपूरला जाऊन धुकं म्हणायला शिकलास, आम्ही अजून कोहराच म्हणतो.) मुरेना मागे पडलं, चंबळचा पूल आला, तरी तुझी वहिनी शाल गुंडाळून कुडकुडतच होती. माझ्या पायांशी मात्र मस्त ऊब. "अहो, सगळी गरमी स्वतःकडेच वळवून घेतलीत की!" असं दोनदा ऐकलं. वर डॅशबोर्डच्या आतून टिक्-टिक्-टिक्. ती म्हणाली, गाडीत पाल चुकचुकतेय, परत फिरा. परत फिरलो नाही, पण आग्र्यापर्यंत तिच्या बाजूची काच मला फडक्यानं पुसावी लागली.

परत आल्यावर एका वर्कशॉपात दाखवली. तिथल्या साहेबांनी न उघडताच निकाल दिला: अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, साडेअठरा हजार. अकरा वर्षांच्या गाडीला साडेअठरा हजार! मी चहासुद्धा न पिता उठलो.

आता आतली भानगड ऐक. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. ब्लोअरची हवा किती त्यातून जायची आणि किती बाजूनं, हे एक झडप ठरवते. आपल्या जुन्या गाड्यांत ती झडप केबलनं हलायची, नॉब फिरवला की हाताला कळायचं. तुझ्या-माझ्या गाडीत डाव्या-उजव्या सीटचं तापमान वेगळं लावता येतं, म्हणून झडपा दोन आणि प्रत्येकीला साबणाच्या वडीएवढी एक मोटर. आतली चाकं प्लास्टिकची. झडप कुठे पोचली हे कळवायला आतच एक पट्टीचा सेन्सर असतो. ती पट्टी झिजली की गाडीच्या कॉम्प्युटरला झडप कुठाय ते कळत नाही, तो ढकलतच राहतो, आणि एक दिवस चाकाचे दात जातात. मग मोटर फिरते, चाक घसरतं, झडप जागची हलत नाही. ती घसरण म्हणजे आमची पाल.

तुझी झडप अशीच मधे कुठेतरी अडकली असणार. सकाळी इंजिन थंड, पाणी थंड, म्हणून हवा गार. दहा मिनिटांत पाणी तापलं की एसीची गार हवा त्या तापल्या रेडिएटरला घासून येते. यात गॅसचा काय दोष? तपासायला सोपं आहे: हवा कोमट यायला लागली की बॉनेट उघड आणि एसीचा जाड पाइप बघ. तो गारेगार असेल, त्याला घाम फुटला असेल, तर एसी आपलं काम करतोय. मग गाडीत बसून रेडिओ बंद कर, डावीकडचं तापमान खालीवर कर आणि कान लाव. मी उलटं बघितलं, हीटरला जाणारे दोन्ही होज पाइप हात लावून. दोन्ही सारखे तापलेले होते. म्हणजे रेडिएटर चोक नाही, पाणी फिरतंय, रोग झडपेपाशीच.

डावीकडची मोटर माझ्या गाडीत ग्लव्ह बॉक्सच्या मागे निघाली. डॅशबोर्डला हात लावायची गरजच पडली नाही! उजवीकडची पेडलांच्या वर आहे, ती गेली असती तर मी कदाचित साडेअठरा हजार निमूट मोजले असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो, कारण वरच एअरबॅग बसलीय. पिवळे कपलर (तारांचे जोड) तिचे, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मोटरीला तीन स्क्रू. दोन समोर दिसतात, तिसरा वरच्या अंगाला, दिसतच नाही. तो बोटानं चाचपडत, आखूड पेचकसानं, आरशात बघत काढला. पाऊण तास गेला. निघाला आणि हातातून सुटला. मग सुतळीला लोहचुंबक बांधून विहिरीतून बादली काढावी तसा तो बाहेर काढला. शेजारचे काका हे सगळं कठड्यावरून बघत होते आणि सल्ले देत होते, ते वेगळंच.

मोटर निघाल्यावर झडपेचा दांडा बोटांनी फिरवून बघ. हलकेच इकडून तिकडे गेला तर झडप शाबूत. तोच अडकला असेल तर नवी मोटर लावून उपयोग नाही, तिचेही दात जातील.

चूक कुठे केली तेही सांगतो, नाहीतर तूही करशील. नवी मोटर आली, 2,200 रुपयांची. मला हौस, बसवण्याआधीच कपलर जोडून चावी फिरवली. हातातच ती गरगर फिरली आणि भलत्याच जागी थांबली, मग दांड्याशी जुळेना. जोर लावला तर मोटरीचा एक कान, स्क्रू बसतो तो, तडकला. सुदैवानं उरलेल्या दोन स्क्रूंवर ती घट्ट बसली. मागाहून मॅन्युअल वाचलं. (हो, मागाहून.) आधी बसवायची, मग चावी फिरवायची, आणि कुठलंही बटण न दाबता दोन मिनिटं गप्प बसायचं. मोटर स्वतःच दोन्ही टोकांना जाऊन आपली हद्द मोजून घेते. प्रत्येक गाडीची रीत निराळी, तुझं मॅन्युअल तू आधी वाच.

संध्याकाळी तुझ्या वहिनीला बाड्याच्या बाजारापर्यंत फिरवून आणलं. तिनं तिच्या बाजूचं तापमान 27 वर ठेवलं, गजक घेतली, आणि येताना म्हणाली, "फार गरम होतंय, कमी करा." कमी केलं, आणि झालंही.

मोडकी मोटर उघडून ठेवलीय, आलास की दाखवतो. दोन दात कमी आहेत, आमच्या नानांसारखेच. उन्हाळ्याआधी एक रविवार काढ. गाडी घेऊनच ये, इथे दोघं मिळून उघडू. सोनूला आशीर्वाद.

तुझा
बाळ्या

ता. क. डावी-उजवी मोटर दिसायला जुळी असते, पण दुकानदार सांगेल तसं "चालेल" म्हणू नकोस. जुनीवरचा नंबर वाचून तोच माग. कपलरच्या तारा पण मोज, माझ्या मोटरीला पाच होत्या.