व्हिसा अडण्याआधी फाईल अडते

महोदय,

संशोधकांना परदेशी व्हिसा मिळत नाही ही तक्रार आता नेहमीची झाली आहे आणि तिचे खापर बहुधा वकिलातींवर फुटते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवताना जे पाहिले, त्यावरून मला वाटते की यातला निम्मा दोष आपल्या घरचाच आहे.

माझी एक तरुण सहकारी खाडीकाठच्या कांदळवनातील गाळावर संशोधन करते. जर्मनीतील एका प्रयोगशाळेने तिला मे महिन्यात सहा आठवड्यांसाठी बोलावले होते आणि निमंत्रण डिसेंबरातच हाती आले होते. जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन या अल्पमुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे सवड भरपूर होती. परंतु परदेशगमनाच्या परवानगीची फाईल एकदा रजेच्या प्रकारावरून परत आली, पुढे खर्च कोण करणार याचा खुलासा मागवला गेला (तो निमंत्रणपत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात होता), आणि ना हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. त्यातही प्रमाणपत्रावर आडनाव आधी, तर पासपोर्टवर शेवटी. शिवाय रजेच्या तारखा निमंत्रणाशी जुळत नव्हत्या. दुरुस्ती होईतो मुंबईच्या अर्ज केंद्रात मेअखेरीपर्यंत भेटीची वेळ शिल्लक नव्हती. तिला जर्मनीने नकार दिला, असे गावात सगळे म्हणतात. वास्तविक तिचा अर्ज तिथवर पोहोचलाच नाही.

या प्रक्रियेत दिरंगाईला जागा किती कमी आहे, हे सही करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. ९० युरो शुल्क नकार आला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. मात्र पहिल्या वेळी स्वतः जावेच लागते, आणि मुंबईकर जे काम दुपारच्या सुटीत उरकतो त्यासाठी आम्हांला रात्रीची कोकणकन्या गाठून रजा खर्ची घालावी लागते. नकार आल्यास जर्मन वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोयही जुलै २०२५ पासून बंद झाली आहे.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसाची, म्हणजे पाहुण्या संशोधकांना मिळणाऱ्या व्हिसाची, साखळी याहून लांब आहे. आधी यजमान संस्थेकडून डीएस-२०१९ हा दाखला, मग सेविस या अभ्यागत-नोंदणी यंत्रणेचे २२० डॉलर शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही विषयांत त्यानंतरही जादा छाननी होते, जिचा कालावधी अर्जदाराच्या हाती नसतो.

म्हणून संस्थाचालकांना विनंती अशी की निमंत्रण आल्यापासून पंधरा दिवसांत परवानगीचा निर्णय व्हावा आणि त्रुटी असतील तर त्या सर्व एकाच वेळी लेखी कळवाव्यात. प्रमाणपत्र इंग्रजीत, पासपोर्टवरील नावाच्या क्रमाने द्यावे आणि त्यात रजेच्या तारखा व पुन्हा रुजू होण्याची तारीख नमूद असावी. असा नमुना तयार करायला नवा शासन निर्णय लागत नाही. अनुभवी लिपिक तो एका दुपारी करील.

त्या प्रयोगशाळेने माझ्या सहकारीला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले आहे. परवानगीचा अर्ज तिने गेल्या सोमवारी दिला आणि या वेळी पोच घेतली आहे.

आपला विश्वासू,
एक प्राध्यापक, रत्नागिरी