खारेगावच्या फॉल-पिकोवाल्या मावशींना

मावशी,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही माहितीय मला, तुमचा मोबाईल म्हणजे फोन घ्यायला आणि नातवाला जेवताना व्हिडिओ लावून द्यायला, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून लिहितेय. समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही "राहू दे गं, त्यात काय एवढं" म्हणून मशीन सुरू करता आणि त्या खडखडाटात माझं राहूनच जातं.

चिऊ मे महिन्यात झाली. जुलैत आई गावी परत गेली आणि मी सरळ विकतच्या डायपरवर आले. दिवसाला आठ, एक बारा रुपयाला, महिन्याचे २८८० रुपये. माझं काम कॉन्ट्रॅक्टचं, ते बाळंतपणात सुटलेलं, घरात एकच पगार. म्हणून मग ऑनलाईन कापडी डायपर मागवले, वर जिराफ वगैरे, दिसायला एकदम गोड. तासाभरात गळायचे. वर आतला तो झुपकेदार मायक्रोफायबरचा पॅड मी थेट अंगाला लागेल असा वरून ठेवत होते, पोरीच्या मांड्या लालभडक झाल्या आणि सासूबाईंना "आमच्या वेळी" सुरू करायला निमित्त मिळालं.

तुमच्याकडे मी आले होते ब्लाऊज उसवून घ्यायला. चिऊ खांद्यावर, माझा कुर्ता ओला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि माझ्या पिशवीतला धुतलेला पॅड काढून त्याच्यावर तुमच्या बाटलीतलं पाणी ओतलंत. ते पाणी आत गेलंच नाही मावशी! अळूच्या पानावर राहतं तसं गोल गोल थेंब होऊन राहिलं आणि घरंगळून खाली, कुणाच्या तरी साडीच्या फॉलवर. "धुताना काय घालतेस?" मी कौतुकाने सांगितलं, ते सॉफ्टनर, काय मस्त वास येतो. "त्या वासाचं काय लोणचं घालायचंय? सुताला तेलकट थर बसलाय, शोषणार कसं?" रॅशची क्रीम लागली तरी तेच होतं म्हणालात. पावडर न घालता नुसत्या गरम पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत धू. घरी येऊन धुतलं तर चौथ्या पाण्यालाही फेस, कुठून येतोय कळेना, सहाव्याला नितळ पाणी. मग थेंब टाकला तर असा गप्पकन आत!

पॅड डायपरच्या आतल्या खिशात सरकवायचा आणि अंगाला मऊ सुती, हेही तुमच्याकडूनच कळलं, तो झुपका कातडीचा ओलावासुद्धा ओढून घेतो म्हणे. पाकिटावर असेल लिहिलेलं, तीन तास झोप मिळालेली बाई कुठे वाचणार.

आणि खरे आभार ह्याचे की मी चोवीस लंगोट शिवायला सांगितले तेव्हा तुम्ही चक्क नाही म्हणालात. "आधी सहा ने, पटले तर ये." हातातलं गिऱ्हाईक असं परत कोण पाठवतं? जांभळी नाक्यावरून पंचे आणायला लावलेत, कोऱ्या कापडाला खळ असते, चार-पाच धुण्यांशिवाय ते पीत नाही हे बजावून. मला वाटलं जाड गादीसारखं काहीतरी शिवून द्याल. तुम्ही नुसत्या कडा मारून चौकोन दिलात, तीन घड्या घाल आणि जिराफाच्या खिशात सरकव. जाड शिवलं असतं तर पावसात वाळलंच नसतं. माझे ते महागाचे पॅड गॅलरीच्या ग्रिलवर दोन दोन दिवस लोंबकळून कुबट वास मारायचे, तुमचे चौकोन रात्री पंख्याखाली टाकले की सकाळी खडखडीत. नंतर अजून बारा नेले. पंचे, शिलाई सगळं धरून हजाराच्या आत.

रात्री एक विकतचा घालतेच हं अजून, सांगून टाकते. तुम्हाला सांगितलं तेव्हा "घाल की, झोप तुला पण लागते" एवढंच म्हणालात. आमच्या ग्रुपवरच्या बायकांनी मला कोर्टात उभं केलं असतं.

शनिवारी येते. जिराफाचं टिचबटण शेवटच्या घरावर पोचलंय, मांड्या काय भरल्यात बघाल तर. कमरेला थोडं इलॅस्टिक वाढवून द्या, आणि ह्या वेळी शिलाईचे पैसे पूर्ण घ्यायचे, मागच्यासारखं चिऊच्या मुठीत परत कोंबायचे नाहीत.

तुमची,
चिऊची आई