गिरण्यांच्या जमिनीतला आमचा वाटा कुठे गेला?

माननीय गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

वडिलांच्या गिरणीतल्या लाल पासावरचे आणि सेवा प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नसल्याने गिरणी कामगारांच्या घरासाठीची पात्रता पुन्हा तपासावी लागेल, असा निरोप गेल्या आठवड्यात माझ्या आईला आला. हीच कागदपत्रे याआधी तपासून स्वीकारली गेली होती. आई ऐंशी ओलांडलेली आहे, आधाराशिवाय तिला जिना उतरता येत नाही. वडील मुंबईतल्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. 1982 च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही, आणि घराची वाट पाहतच ते गेले. त्यांनी राबून दिलेल्या वर्षांचा पुरावा आता त्यांच्या विधवेने किती वेळा द्यायचा?

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये सरकारने त्यातला नियम 58 बदलून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती ठेवली. शेड आणि खात्यांनी भरलेल्या आवारात अशी जागा असणार तरी किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला, पण त्यामुळे तो न्याय्य ठरत नाही. त्या एका दुरुस्तीने गिरणगावाची मैदानेही गेली आणि घरेही.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. 2012 पासूनच्या सोडतींत निघालेली घरे वीस हजारही भरत नाहीत. आता आम्हाला शेलू आणि वांगणी दाखवले जाते, तेही साडेनऊ लाख रुपयांना. मुंबईपासून इतक्या दूर डोंगरपायथ्याशी शेती-माळ मोडून नवी वसाहत उभारायची, तिथल्या माणसांना रोज कर्जत लोकलच्या दारात लटकायला लावायचे आणि परळ-लोअर परळमध्ये मात्र टॉवर उभे राहू द्यायचे, याला शाश्वत विकास म्हणणे मला मान्य नाही. सर्वांना सुरक्षित, परवडणारे घर 2030 पर्यंत देण्याचे उद्दिष्ट देशाने जगापुढे स्वीकारले आहे, आणि शहराच्या मध्यातली जमीन बाजाराच्या हाती सोपवून ते गाठता येणार नाही. मालकाच्या सोयीसाठी नियम बदलण्याची तत्परता दाखवणारी व्यवस्था वारसाच्या नावातल्या एका अक्षरावर मात्र अडून बसते, याचा मला मनस्वी संताप येतो.

प्रत्येक गिरणीच्या जमिनीतून म्हाडाला आणि महापालिकेला प्रत्यक्षात किती जागा मिळाली, हे गिरणीनिहाय जाहीर करावे. मुंबईत उरलेल्या गिरण्यांच्या जमिनीवर आधी कामगारांची घरे बांधावीत. आणि एकदा पात्र ठरलेल्या वारसांना पुन्हा कागद मागणे बंद करावे. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी